उन्हातून आलेला माणूस

मे महिन्यातला रविवार. संग्रामपूरच्या रक्तपेढीत नवा सर्व्हर मांडायचा, त्यावर डेटाबेस उभा करायचा, जुन्या मशीनमधली सगळी माहिती त्यात ओतायची, वर नवं सॉफ्टवेअर चढवायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं खामगावला परतायचं. पूनमच्या हाती एवढंच काम होतं. अशी कामं तिनं कितीतरी केली होती. पतसंस्था, शाळा, कापसाचं जिनिंग. खामगावच्या तिच्या छोट्या कंपनीत कुठला सर्व्हर अडला की मालक गोकुळभाऊ तिलाच पुढे करत.

शेगावहून निघालेली एसटी वरवट बकाल ओलांडून पुढे आली तेव्हा उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसायला लागली. रान भेगाळून, उलून पडलं होतं. खिडकीतून येणारा वारा भट्टीतून आल्यासारखा तोंडावर आपटत होता. नवं मशीन तिनं लेकरासारखं मांडीवर धरलं होतं, तापू नये म्हणून त्यावर ओढणी घातली होती.

रक्तपेढी गावाबाहेर होती. एका सेवाभावी संस्थेच्या दवाखान्याच्या मागे, निंबाच्या झाडाखाली बसकी इमारत. रविवार असल्यानं चिटपाखरू नव्हतं. निवृत्तीभाऊ तेवढे दारात उभे होते. ते तिथले जुने लॅब टेक्निशियन. पन्नाशी उलटलेले, बोलायला हळू.

"या ताई. आधी पानी घ्या. कॅनचं आहे, पिऊ शकता. आमचं बोअरचं पानी खारं असते, बाहेरच्याइले सोसत नाई."

पाणी पिऊन ती कामाला लागली. सर्व्हरची खोली अगदी मागच्या बाजूला होती. एक दार, खिडकी नाही. आत पाऊल टाकलं आणि अंगावरचा घाम क्षणात गार झाला. एसीची संथ घरघर, पंख्यांची बारीक शीळ आणि मधूनच जुन्या मशीनच्या पोटातून येणारी एक खरखर. ती खरखर पूनमच्या ओळखीची होती. डिस्क शेवटच्या घटका मोजत असली की असाच आवाज येतो.

"लवकर काढून घ्यावं लागते सगळं," ती म्हणाली. "हे आज जाते की उद्या, काही नेम नाही."

"आजच काढा ताई. दुपारी छकुली येते." निवृत्तीभाऊ दारातच थांबले होते, खोलीत त्यांनी पाय टाकला नव्हता. "पहिलीतली पोरगी आहे टुनकी गावची. दर काही दिवसांनी रक्त चढवावं लागते. अन् तिचं असं हाये, नुसता गट जुळून भागत नाई. ठरावीक दात्याइचंच रक्त तिले मानवते. दुसरं गेलं, तर अंगावर उलटते. पिशव्या फ्रीजमंदी आहेत, पन वर नुसता नंबर; कोनती पिशवी कोनाची, ते कंप्युटरच सांगते."

पूनमनं मान हलवली आणि ती जुन्या मशीनसमोर बसली.

ती त्या सर्व्हरमध्ये आत शिरली आणि थोड्याच वेळात तिच्या लक्षात आलं, की हे काम कुणा येरागबाळ्याचं नाही. तालुक्याच्या गावात तिनं जे जे सर्व्हर पाहिले होते, ते धर्मशाळेसारखे उघडे असत. मुख्य पासवर्ड गावाला ठाऊक, नमुन्यादाखल आलेली रिकामी खाती तशीच पडलेली, आणि कुणालाही काहीही पुसता येईल अशी मोकळीक. इथं एकही फालतू खातं नव्हतं. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाला नवं नाव लिहिता यायचं, जुनं खोडता येत नव्हतं. तपासणी करणाऱ्याला फक्त वाचता यायचं. सर्वाधिकार असलेलं खातं या खोलीतल्या खुर्चीवर बसल्याशिवाय उघडतच नव्हतं. बाहेरून कुणी हाक मारली, तर सर्व्हर ओ सुद्धा देत नव्हता. घर बांधताना एखादा गवंडी जिथं कुणी बघणार नाही तिथलेही विटांचे सांधे घोटून घेतो, तसं हे काम होतं. पूनम एकेक ओळ वाचत गेली. वाचता वाचता तिला आपल्या घाईघाईनं उरकलेल्या कितीतरी कामांची आठवण झाली.

"हे कोणी केलं भाऊ?" तिनं दाराकडे वळून विचारलं.

"प्रेमानंदभाऊनं. इथलं कंप्युटरचं सारं तेच पाहत."

"मले भेटायचं आहे त्यांना. एवढं नेटकं काम मी पुण्यातही पाह्यलं नाही."

निवृत्तीभाऊंनी खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "ते आता नाईत ताई. दोन वर्षं होतील." आणि जायला वळता वळता थांबले. "सूर्य डोक्यावर आला का बाहेर येऊन बसा. आमच्यातलं कोनी भर दुपारी त्या खोलीत बसत नाई."

"काऊन?"

"जेवाची येळ असते," ते म्हणाले. पण तिच्या नजरेला नजर न देता.

डेटा नव्या मशीनमध्ये उतरायला बराच वेळ लागला. शेवटची फाईल आली आणि जणू तेवढ्यासाठीच थांबलेली असावी तशी जुनी डिस्क एकदा कळवळली आणि गप्प झाली. पुन्हा चालू झालीच नाही. कपाटात बॅकअपची डिस्क होती, पण तीत प्रेमानंद गेल्यानंतरचं काहीच नव्हतं. छकुलीचं तर नावही नव्हतं. आता रक्तपेढीची सारी माहिती एकाच जागी होती, पूनमच्या पुढ्यातल्या नव्या मशीनमध्ये.

आधी एक प्रत काढून ठेवावी, हे तिला कळत होतं. पण घड्याळ पुढे सरकत होतं, आणि नवं सॉफ्टवेअर काही चढत नव्हतं. ते पुण्याच्या कंपनीचं. त्यांचा माणूस तिकडून, इंटरनेटवरून जोडून घेणार होता. पण जुन्या मशीनमधल्या कुलपांसकट उतरलेला डेटाबेस त्याला दार उघडत नव्हता. तिनं गोकुळभाऊंना फोन लावला.

"अवं पूनम, सगळं मोकळं करून टाक ना. कुठूनही येऊ दे. एक सर्वाधिकाराचं खातं दे, सोपा पासवर्ड ठेव, म्हणजे त्याईले चुकणार नाई. राऊटरमधून वाट मी कालच काढून ठेवली. चढलं का बंद करू."

"आणि तेवढ्यात कोणी घुसलं तर?"

"संग्रामपुरात कोण घुसते वं?"

तिनं दार मोकळं करणारी ती ओळ बदलली. सर्व्हर पुन्हा सुरू केला. पुण्याचा माणूस म्हणाला, नाही जोडत. तिनं फाईल उघडली. ओळ जुन्यासारखीच होती. आपण जतन करायला विसरलो असू, असं म्हणून तिनं पुन्हा बदलली, नीट जतन केली, बंद करून उघडून पाहिली. पुण्याचा माणूस म्हणाला, नाही जोडत. फाईल पाहिली, तर ओळ पुन्हा पहिल्यासारखी.

खोलीत त्याच वेळी तो वास आला.

पुढे कुणी खोदून विचारलं, तेव्हा पूनम वासाचंच आधी सांगायची. घाण नव्हती, धूप-उदबत्ती नव्हती. उन्हातून आत्ताच घरात आलेल्या माणसाच्या अंगाला येतो तो वास. तापलेलं सुती कापड, वाळलेला घाम, फुफाटा, आणि तापलेल्या मोटारसायकलच्या पेट्रोलचा उग्र दर्प. बाहेर असता तर लक्षातही आला नसता. पण त्या गार, बंद खोलीत तो तिच्या उजव्या खांद्याशी, अगदी जवळ येऊन उभा होता.

"निवृत्तीभाऊ?..." तिनं हाक मारली.

दार बंद होतं. ते जेवायला गेले होते.

पूनम भित्री नव्हती. तिनं स्वतःला समजावलं, एसीतून बाहेरचा वास येत असेल. आणि खरं सांगायचं तर तिला रागही आला. मशीन आपलं ऐकत नाही याचा राग. तिनं दुसऱ्या वाटेनं, फाईलला हात न लावता, चालू सर्व्हरलाच हुकूम देऊन दार उघडलं. सर्वाधिकाराचं खातं बनवलं, बालवाडीतल्या पोरालाही सुचेल असा पासवर्ड ठेवला. या वेळी जमलं. सॉफ्टवेअर सरसर चढू लागलं. फोनवर पुण्याचा माणूस "झालं, झालं" म्हणत राहिला आणि मग त्यानं फोन ठेवला.

"बघ," पूनम कुणाला तरी म्हणाली. कुणाला, ते तिलाही कळलं नाही.

वास अजून तिथंच होता.

दार बंद करायच्या आधी सवयीनं तिनं एकदा पाहिलं, की या क्षणी डेटाबेसशी कोण कोण जोडलेलं आहे. एक ती स्वतः. एक सॉफ्टवेअर. आणि तिसरा कुणीतरी.

तो पत्ता पुण्याचा नव्हता. भारतातलाही नव्हता. तिनं बनवलेल्या त्याच खात्यातून, तोच सोपा पासवर्ड टाकून तो आत आला होता. जगभर अशी माणसं, किंवा माणसांनी सोडलेली यंत्रं, रात्रंदिवस दारं चाचपत फिरत असतात. उघडं दार सापडायला त्यांना संग्रामपूर आणि सिंगापूर सारखंच. तिच्या डोळ्यांदेखत पडद्यावर त्याचे हुकूम दिसायला लागले. पुसा. नव्या सॉफ्टवेअरचा एक रिकामा तक्ता गेला. पुसा. दुसरा गेला. तो क्रमानं चालला होता, आणि पुढेच 'दाते' होते. त्यानंतर 'रुग्ण'.

पूनमचे हात कीबोर्डवरून मांडीवर आले. काय करायचं ते तिला ठाऊक होतं. रोज करायची ती. पण बोटं उचलेनात. उन्हात वाट चुकलेल्या माणसाचं होतं तसं डोकं सुन्न झालं. एवढंच कळत होतं, की फ्रीजमध्ये पिशव्या आहेत, बाहेर एक पोरगी येणार आहे आणि आता कोणती पिशवी कुणाची हे जगात कुणालाच कळणार नाही.

मग कीबोर्डची एक कळ खाली गेली.

तिचे हात मांडीवर होते. कळ खाली गेली, वर आली. मग दुसरी. घाईनं नाही, जोरकस, सवयीच्या हातानं मारल्यासारखी. पडद्यावर अक्षरं उमटू लागली. एके ठिकाणी अक्षर चुकलं. कर्सर मागं आला, चुकलेलं खोडलं, बरोबर लिहिलं. त्या चुकीनंच पूनम हादरली. यंत्र असं चुकत नाही. माणूस चुकतो.

हुकूम पूर्ण झाला. तिसऱ्याचं जोडणं तटकन तुटलं. पुढच्याच ओळीला ते खातं नाहीसं झालं. त्याच्या पुढच्या ओळीला दार बंद. 'दाते' जागच्या जागी होते. 'रुग्ण' जागच्या जागी होते.

"कोण... कोण आहे?" तिनं पडद्यालाच विचारलं.

कळा चालूच होत्या. आता संथपणे. पळून जावं, असं तिच्या पायांना वाटत होतं. डोळे मात्र पडद्यावरून हलत नव्हते. पुसलेले दोन तक्ते पुन्हा उभे राहिले. एकेक खातं बनत होतं, आणि प्रत्येकाला फक्त त्याच्या कामापुरती मुभा. नव्या सॉफ्टवेअरला काय लागतं, काय लागत नाही, हे तो अदृश्य हात जणू चाचपून बघत होता. एक हक्क दिला, थांबला, विचार केल्यासारखा. काढून घेतला. दुसरा दिला. राऊटरमधली वाट बुजली. मग प्रत काढायला सुरुवात झाली, कुलूपबंद प्रत, कपाटातल्या त्या डिस्कवर. डिस्क कपाटातून निघून मशीनला कधी लागली, ते पूनमनं पाहिलंच नव्हतं.

भीती होतीच. पण तिच्याच शब्दांत सांगायचं, तर भीतीच्या आत दुसरंच काहीतरी होतं. लहानपणी आजोबा तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून पेरत, आणि एकही दाणा वाया जात नसे. ते बघताना ती शेताच्या धुऱ्यावर जशी तोंड उघडं ठेवून उभी राहायची, तसं. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. आपण दहा वर्षांत हे काम असं एकदाही केलं नाही, आणि हा माणूस मेल्यावरही...

कळा थांबल्या.

कर्सर एका ओळीवर येऊन लुकलुकत राहिला. मुख्य खात्याचा नवा पासवर्ड मागितला होता. कुणी काही लिहीना. एसी घरघरत होता. वास तसाच तिच्या खांद्याशी. पूनमला हळूहळू उमगलं. तो तिच्यासाठी थांबला होता. कुलूप त्यानं बसवलं होतं. किल्ली मात्र जिवंत माणसाच्या हाती असायला हवी.

तिनं हात कीबोर्डवर ठेवले. कळा गरम होत्या, उन्हात ठेवलेल्या भांड्यासारख्या. आणि तिनं पहिलं अक्षर टाइप करण्याआधी तो वास मागं सरला. एक पाऊल. दोन पावलं. भिंतीकडे गेला आणि तिथं थांबला.

दुसऱ्यानं पासवर्ड टाकताना भला माणूस तोंड फिरवून उभा राहतो. तसा तो उभा राहिला होता.

पूनमच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं लांबलचक, कुणाला सुचणार नाही असा पासवर्ड टाकला, पुन्हा एकदा टाकला, आणि मान न वळवता म्हणाली, "झालं दादा."

तिनं दार उघडलं तेव्हा बाहेर निवृत्तीभाऊ होते. त्यांच्यामागे डोईवर पदर घेतलेली एक तरुण बाई, तिच्या कडेवर पिवळट पडलेली, मलूल पोर. "ही कोकिळा, छकुलीची माय. ताई, दिसते का काही कंप्युटरमंदी?"

पूनमनं नाव टाकलं. छकुलीची सगळी माहिती पडद्यावर आली: कोणत्या दात्यांचं रक्त चालतं, कोणाचं नाही, फ्रीजमधली कोणती पिशवी. निवृत्तीभाऊ पिशवी काढायला गेले. रक्त तपासून, जुळवून पोरीला चढायला लागलं तोवर ऊन कलतीला लागलं होतं. कोकिळा लेकीचा तळपाय चोळत बसली होती. थोड्या वेळानं छकुलीच्या ओठांवर रंग आला आणि तिनं बिस्किट मागितलं.

बाहेर निंबाखाली पूनमनं निवृत्तीभाऊंना सगळं सांगितलं. ते मुळीच दचकले नाहीत. चहाचा कप दोन्ही हातांत धरून ऐकत राहिले.

"असंच झालं होतं ताई एकदा," ते म्हणाले. "प्रेमानंदभाऊ सुट्टीवर होते, तवा कोनीतरी बाहेरून घुसलं. सगळं पुसलं. दाते, रुग्ण, सारं. प्रेमानंदभाऊनं कोनाले दोष देल्ला नाई. फटफटी काढली. सोनाळा, टुनकी, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत घरोघरी जाऊन एकेका दात्याले पुन्हा इचारत फिरले. असाच मे होता. मी म्हनो, भाऊ, ऊन उतरू द्या. ते म्हनत, रक्त लागनाऱ्याले ऊन दिसते का निवृत्ती? शेवटचं गाव करून भर दुपारी आले, थेट त्या खोलीत गेले. सगळं भरलं, सगळी कुलपं लावली. मी पानी घेऊन गेलो, तं टेबलावर डोकं ठेवून झोपल्यावानी..." त्यांनी कप खाली ठेवला. "अंग तव्यासारखं तापलं होतं. एसीत असून."

"तुम्हाले भीती नाही वाटत?"

"वाटते ना. भीती कायले नाई वाटत? पन ताई, मंदिरातही आपन थोडं भेतोच ना."

पूनम त्या संध्याकाळी खामगावला परतली. दुसऱ्या दिवशी तिनं गोकुळभाऊंना स्वच्छ सांगितलं, की यापुढे एकही सर्व्हर उघडा ठेवून यायची नाही; ज्याला घाई असेल त्यानं दुसरी पूनम शोधावी. गोकुळभाऊ तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि "बरं" म्हणाले. तिचं काम बदललं. लोक नाव घ्यायला लागले. कोणी स्तुती केली की ती म्हणे, मी एका फार मोठ्या माणसाजवळ शिकले. कुठं, ते सहसा सांगत नसे. संग्रामपूरचा सर्व्हर त्यानंतर एकदाही कुरकुरला नाही.

श्रावणात, एका पावसाळी दुपारी, ती ऑफिसात डबा खात असताना निवृत्तीभाऊंचा फोन आला.

"ताई, तुमी कुठं आहा?"

"खामगावले. ऑफिसात. काऊन?"

पलीकडून पागोळ्यांचा आवाज येत होता.

"तब्येत... बरी आहे ना ताई तुमची?"

"बरी आहे भाऊ. झालं काय?"

"नाई... मी खोलीच्या दाराशी उभा आहो," ते अगदी हळू म्हणाले. "बाहेरून कडी आहे. कोनी गेलं नाई. पन आत दोघं जन बोलून राह्यले. प्रेमानंदभाऊ काही तरी इचारते... अन् सांगून राह्यली ते बाई..."

"कोण बाई?"

निवृत्तीभाऊंनी फोन दाराला लावला असावा, कारण पागोळ्या लांब गेल्या आणि एसीची घरघर जवळ आली. पूनमचा घास हातातच राहिला. दारापलीकडे एक बाई सर्व्हरची, पूनमलाही अजून न येणारी कुठलीशी गोष्ट समजावून सांगत होती, शांतपणे, न अडखळता. आणि सांगता सांगता मध्येच हसली.

ते हसू पूनमचं होतं.